पायपरवर हक्क कुणाचा

६ फेब्रुवारी
माझा कराचा फॉर्म परत आला! प्रुइटसाहेबांचा फोन. निवृत्त मास्तर, दर शनिवारी लायब्ररीत बसून अख्ख्या गावाचे फॉर्म फुकट भरून देतात. म्हणाले, "हॅचरबाई, तुमच्या नातीचा सरकारी ओळख-नंबर आधीच कुणीतरी आपल्या फॉर्मवर घातलाय."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते सरकार कधीच सांगत नाही."

पायपर सात वर्षांची. गेलं सबंध वर्ष माझ्या घरात. वेण्या मी घालते, तापात रात्री मी जागते, शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिच्या ताटात वाढणारीही मीच. आणि हक्क सांगणारा हा कोण मेला!

७ फेब्रुवारी
डॉयलला सांगितलं. माझा थोरला भाऊ. खाणीत छाती गेली, आता चार वर्षं माझ्याकडेच. तोही माझ्या फॉर्मवर असतो, माझ्यावर अवलंबून म्हणून. आधी हसला, मग खोकला. "मला नाही ना कुणी मागितलं?"

"तुला फुकट दिलं तरी कुणी नेणार नाही."

तेवढंच बरं वाटलं. मग तो झोपला. हल्ली टीव्ही चालू ठेवते. बघत नाही. नुसता आवाज हवा असतो घरात.

९ फेब्रुवारी
डार्सीला जाऊन आज पंधरा महिने. माझी एकुलती लेक. "शुक्रवारी येते गं" म्हणाली, पायपरला माझ्याकडे ठेवलं आणि गेली ती गेलीच. फोन बंद. पोलीस म्हणाले, सज्ञान बाई आहे, मर्जीनं गेली असेल. तिच्या गोळ्यांचं व्यसन त्यांना ठाऊक होतं, म्हणून हात झटकले.

चर्चमधल्या बायका परवा म्हणाल्या, "किती हसरी होती नाही!" होती! कुठे बेवारस बाई सापडल्याची बातमी लागली की हातातलं टाकून केसांचा रंग काय सांगतात ते ऐकते. हे कुणाला सांगू? पायपरला? डॉयलला?

१० फेब्रुवारी
कढई घासत होते. हात थांबला. पायपरचा नंबर आहे कुणाकडे? माझ्याकडे. आणि तिच्या आईकडे!

मेलेलं माणूस कराचा फॉर्म भरत नाही!

साबणाच्या हातांनी तशीच खाली बसले. रडले. डॉयल म्हणाला, "व्हर्ली, चोरही असेल एखादा. एवढी आशा लावू नकोस." मी म्हटलं, तू गप्प बस.

१७ फेब्रुवारी
लायब्ररीत गेले. प्रुइटसाहेब म्हणाले, "आता कॉम्प्युटरवरून घेणार नाहीत, कागदावर भरून टपालानं पाठवा. पोरगी निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्या घरी झोपली, हक्क तुमचाच. शाळेचं पत्र जवळ ठेवा."

"आणि समोरचं माणूस?"

"काही महिन्यांनी दोघांनाही एकसारखं पत्र जातं. या मुलीवर आणखी कुणी हक्क सांगितलाय, तुमचं चुकलं असेल तर सुधारा म्हणून."

"त्यांच्या पत्त्यावर? मला मिळेल तो पत्ता?"

"नाही, बाई."

मग हळूच म्हणाले, चुकीचं निघालं तर पोरीच्या नावावर सरकारकडून घेतलेले पैसे त्या माणसाला परत करावे लागतात.

३ मार्च
फॉर्म फ्रिजवर पडलाय. डार्सीनं तिचा फॉर्म भरला म्हणजे ती कुठेतरी कामाला असेल. कामाला आहे म्हणजे धड आहे. आत्ता कुठे उभी राहत असेल, आणि मीच पाय ओढू? डॉयल म्हणतो, "पोटच्या पोरीवर सरकार सोडणार तू?" खरंच, काय करू? विचारायला माणूस नाही.

११ एप्रिल
टाकला पेटीत! मुदत संपायला चार दिवस होते.

पैशांसाठी नाही, देवाशपथ. तिच्यापर्यंत पोचेल असं जगात एकच पत्र आहे. ते सरकार लिहिणार. त्यात माझं नाव नसेल. पण तिला कळेल.

३० जून
काही नाही.

२० ऑगस्ट
माझं पत्र आलं! म्हणजे तिचंही निघालं. कोरडंठक्क पत्र. चारदा वाचलं. डॉयलनं मक्याचा पाव कापून माझ्यापुढे सरकवला फक्त.

२९ ऑगस्ट
फोन एप्रनच्या खिशात ठेवते. कॅन्टीनची मुख्य बाई आज सगळ्यांदेखत ओरडली. ओरडू दे. पत्र परत गेलं असेल का? की खरंच चोरच होता कुणी? मग मी नऊ दिवस, छे, सहा महिने कुणाची वाट बघतेय?

६ सप्टेंबर
अनोळखी नंबर. "आई, तू सरकार सोडलंस माझ्यावर? माझ्याच पोरीसाठी? लाज नाही वाटली?" काय ओरडली! काय ओरडली माझी बाई!

मी म्हटलं, "नाही वाटली. जेवलीस का?"

फोन ठेवला नाही तिनं.