पुकारा ऐकू येईल इतक्या जवळ

बुलढाणा, सोमवार, ३ डिसेंबर १९३४

मेहकरची मोटार दोन वाजता पोचली. चिखलीला टायर बसला होता. तो चढेपर्यंत ड्रायव्हर आणि मी मिळून शेरभर पेरू संपवले. वर आल्यावर हवा अशी थंड, कोरडी लागली की उगीचच वाटलं, आता सगळं मनासारखं होणार.

उतरायच्या जागा तीन. पहिली धर्मशाळा. तिथे ढेकूण आणि भजन, दोन्ही रात्रभर चालतं. दुसरी, आत्याचे दीर किसनराव यांचं घर. तिथे पाय धुवायच्या आत विचारतील की कॉलेज काऊन सोडलं बे, आणि उत्तर मिळेपर्यंत जेवण वाढणार नाहीत. तिसरी, वामनरावांचं हॉटेल. बाहेर पत्र्याची पाटी आहे: ‘मोटारस्टँड, टपाल व कचेरी जवळ. पुकारा ऐकू येईल.’ मी पाटी वाचून हसलो आणि आत शिरलो. माणसानं व्यवहार पाहावा.

एका खोलीत सहा खाटा. मला खिडकीजवळची मिळाली. खिडकीतून कचेरीचं आवार आणि त्यातला कडुनिंब सरळ दिसतो. उतरलेले बहुतेक सगळे कोर्टाचे. मुद्दई आणि मुद्दालेह, म्हणजे दाव्यातले दोन्ही पक्ष, आणि त्यांचे साक्षीदार एकाच पंगतीत बसून एकमेकांना वरण वाढायला सांगतात. दारात काळा फळा आहे, त्यावर उतारूंची नावं खडूनं लिहितात, म्हणजे वकिलाच्या कारकुनाला माणूस सापडतो. वाढणारी सोजराबाई ओट्यावर एक कान ठेवूनच असते. चपराशानं नाव पुकारलं की ती ते आत ओरडते, आणि ज्याचं नाव असेल तो हातातला घास टाकून ‘हजर!’ म्हणत धावतो. मजेशीर कारभार आहे.

मागच्या आळीत महादेवरावांचं घर. नात्यानं दूरचे सोयरेच. कौशल्या त्यांची मुलगी. तिच्यासाठी मी अमरावतीचं कॉलेज सोडलं, वडिलांशी भांडलो, आणि आता स्वतःच्या तोंडानं तिला मागायला आलो आहे. तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो तुळशीराम मास्तर तुरुंगात आहे. वाट मोकळी आहे. यापुढे आज लिहीत नाही.

मंगळवार, ४ डिसेंबर

महादेवराव कामासाठी गावाला गेलेत, शनिवारी येणार. त्यांच्या दारापुढून चारदा गेलो. चौथ्या वेळी कौशल्या अंगण झाडत होती. तिनं मान वर केली नाही.

जेवायला बसलो तर सोजराबाईनं माझ्या डाव्या-उजव्या दोघांना वाढलं आणि मला वगळून पुढे गेली. एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा लोटा फरशीवर आपटला. मग म्हणते कशी, अगो बाई, तुमी इथीच बसले व्हते काय, मले दिसलेच नाही! सगळी पंगत हसली. शेजारी एक म्हातारे उत्तमराव होते, बांधाच्या दाव्यासाठी आलेले. ते म्हणाले, पोट्ट्या, रागानं वरण गरम होत नसते. मी पानावरून उठलो. नंतर लाज वाटली, भूकही होती.

इथे दर घटकेला पुकारा होतो. मार्चमध्ये याच आवारात माझ्याही नावाचा झाला होता.

गुरुवार, ६ डिसेंबर

फळ्यावर माझं नाव नव्हतं. वरची खालची दोन्ही होती, मधे स्वच्छ काळी पट्टी. वामनराव ओशाळले, कोणाची बाही लागली असंन म्हणाले, आणि पुन्हा लिहिलं. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा नाही.

आता लिहूनच टाकतो. ही वही कोणी वाचणार नाही.

फेब्रुवारीत मेहकरला तुळशीरामच्या चुलतभावाची कडब्याची गंजी जळाली. दोघांत शेताचा वाद होता, म्हणून आळ तुळशीरामवर आला. पण गंजी पेटली त्या तिसऱ्या प्रहरी तुळशीराम पैनगंगेच्या घाटावर होता. मला माहीत आहे, कारण मी त्याची गचांडी धरली होती. तिथे आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं. मी त्याला म्हणालो, कौशल्येचा नाद सोड, नाहीतर नदीत बुडवीन. तो माझ्यापेक्षा अंगानं दुप्पट. त्यानं हात उचलला नाही. पंच्यातली भाकर सोडली, अर्धी मला दिली आणि म्हणाला, भास्करराव, तिनं स्वतः नाही म्हटलं तर मी बाजूला होतो, पण तुम्ही कॉलेज पुरं करा. मी ती भाकर खाल्ली. भूक लागली होती.

त्याच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. मी येतो म्हणालो आणि आलोही. कडुनिंबाखाली उभा होतो. चपराशी ओरडला, भास्कर वल्द शेषराव, साकीन जानेफळ, हाजिर है? तीनदा ओरडला. मी झाडाला टेकून उभा होतो. जीभ उचलली नाही. उचलता आली नाही असं नाही. मी उचलली नाही.

त्याला दीड वर्षाची सजा झाली.

शनिवार, ८ डिसेंबर

सकाळी महादेवराव स्वतः हॉटेलात आले. मला वाटलं, माझ्या मागणीच्या पत्राला उत्तर द्यायला आले. उठून पाया पडलो. त्यांच्या मागे कौशल्या होती, डोक्यावर पदर, हातात काही नाही.

महादेवराव बाकावर बसले. वामनरावांनी मागवलेला चहा त्यांनी घेतला नाही. म्हणाले, बाबू, शुक्रवारी चौदा तारखेले तुळशीरामचं अपील हाय. मोठे साहेब दौऱ्यावर येऊन राह्यले. राहून गेलेल्या साक्षीदाराले एकडाव आयकून घेतो म्हणाले. तुले फक्त खरं सांगाचं हाय.

मी म्हणालो, मला काय माहीत.

मग ते जे म्हणाले ते अजून कानात आहे. मार्चमध्ये पुकारा झाला तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून तुळशीरामला मी झाडाखाली दिसलो होतो. त्यानं वकिलाला सांगितलं नाही. भेटीला गेलेल्या महादेवरावांना म्हणाला, तो तिथीच उभा व्हता, पण त्याले ओढून आणू नका. येईन तो आपल्या पायानं.

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी ओरडलो की मास्तर साधू होऊ पाहतो काय, मला खाली पाडायचा हा डाव आहे. पंगतीच्या खोलीतून माणसं डोकावली. तेव्हा कौशल्या पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. तुमी व्हते ना थ्या दिवशी घाटावर?

ज्या मुलीचा एक शब्द ऐकावा म्हणून मी वर्षभर झुरलो, तिनं मला विचारलेला हा एकच प्रश्न. मी तिच्या तोंडावर म्हणालो, नाही. मी तिथं नव्हतो.

ती म्हणाली, बरं. बापाला हात देऊन उठवलं. जाताना ती माझ्याकडे पाहत होती, पण नजर माझ्यावर थांबत नव्हती. मागच्या भिंतीवर थांबत होती.

रविवार, ९ डिसेंबर

आज कचेरी बंद. आवारात दोन शेळ्या होत्या, दुसरं कोणी नव्हतं.

बारा वाजता माझ्या नावाचा पुकारा झाला. वल्द, साकीन, म्हणजे बापाचं नाव, गाव, सगळं. एकदाच.

मी धावत ओट्यावर गेलो. सोजराबाई तांदूळ निवडत होती. तिनंही ऐकला होता, कारण तिनं सवयीनं आत तोंड करून हाळी दिली, भास्कर वल्द शेषराव कोण हाय व, त्याचा पुकारा झाला! मी तिच्यापुढे उभा. चार दिवस माझ्या हातावर ताक वाढणारी बाई. मी म्हणालो, मीच की. ती वाट पाहत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, गैरहजर दिसते मेला, आणि खडा उचलून फेकला.

सोमवार, १० डिसेंबर

पान मांडलंच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन हातानं घेतलं, कोणी हटकलं नाही. इतकी लाज कधी वाटली नव्हती. चोराला निदान ओरडतात तरी.

वामनरावांना गाठलं. पुढे उभा राहून बोललो, मग ओरडलो, मग – हो, लिहितो – थोबाडीत मारली. त्यांनी गाल खाजवला. म्हणाले, डास लय झाले.

आज पुकारा कचेरीच्या फाटकातून आला. आवाज चपराशाचा नव्हता.

मंगळवार, ११ डिसेंबर

माझ्या खाटेवर चिखलीचा एक शेतकरी आणून घातला. मी बसलेलो असताना त्यानं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. गाठोडं खाली खाटेला टेकलं. मांडी मधे नव्हतीच जशी.

पुकारा रस्त्याच्या मधून आला. आवाज ओळखला. ‘भास्करराव’ म्हणाला. वल्द नाही, साकीन नाही. असं मला एकच माणूस म्हणतो. तो दूर तुरुंगात जिवंत आहे. कालच महादेवरावांनी वामनरावांना सांगितलं, त्याचं पत्र आलं, बरा आहे. मेलेल्याची हाक असती तर कान झाकून घेतले असते. ही जिवंत माणसाची आहे. आणि रागाची नाही. तेच सोसवत नाही.

ओ देतो आहे. हजर, हजर, हजर – घसा फुटला. रस्त्यानं एक बाई भाजीची टोपली घेऊन चालली होती. ती माझ्यातून – नाही, हे लिहीत नाही.

बुधवार, १२ डिसेंबर

मी साक्ष देणार. ठरलं. पण कोणाला ऐकू जाणार?

महादेवरावांच्या अंगणात दुपारभर बसलो. कौशल्या तुळशीरामचं धोतर सुईनं शिवत होती, कोर्टात नेसायला. तिला सगळं सांगितलं. घाट, भाकर, झाड. तिच्या कानाशी बसून सांगितलं. तिनं दोरा दातानं तोडला. आईला म्हणाली, कोणाची वाट पाहाची आता, त्यानं तर तोंडावर नाही म्हटलं.

ज्याला सांगायला हवं होतं, ज्या दिवशी सांगायला हवं होतं –

गुरुवार, १३ डिसेंबर

एक वाट आहे!

सकाळी खडू घेऊन फळ्यावर माझं नाव मीच लिहिलं. सोजराबाईनं वामनरावांना बोलावून विचारलं, हे कोणं लिहिलं. वामनराव म्हणाले, असा कोणी उतरला नाही. तिनं पुसलं. पण तिला दिसलं! अक्षर दिसतं. मी दिसत नाही, माझं अक्षर दिसतं.

म्हणजे जबानी लिहून, सही करून महादेवरावांच्या हाताखाली सरकवली की झालं. ते माझं अक्षर ओळखतात, मागणीचं पत्र मीच लिहिलं होतं.

चार ओळींचं काम. दिवसभर बसलो. लिहिलं. सही करवेना. सही केली की कौशल्या वाचणार – मी होतो, मी भाकर खाल्ली, मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. नाहीसा झालो आहे तरी तिच्यापुढे लाज वाटते. कागद फाडला. पुन्हा लिहिलं. पुन्हा –

बोटांची टोकं लेखणीवर नीट टेकत नाहीत. उद्या सकाळी. नक्की.

शुक्रवार, १४ डिसेंबर

ओट्यावर बसलो आहे. शेजारी महादेवराव, कौशल्या. समोर तुळशीरामला बेड्यांत आणलं. शिवलेलं धोतर नेसला आहे. वाळला आहे. त्यानं आवारात येताच झाडाखाली पाहिलं. मी जिथे उभा होतो बरोबर तिथे. अजून वाट पाहतो आहे, वेडा.

लेखणी दोन्ही हातांनी धरली आहे.

पुकारा झाला. पहिला. खरा, चपराशाचा. कौशल्या उठून उभी राहिली, दोन्हीकडे पाहते आहे.

लिही. लाज गेली खड्ड्यात. लिही.

मी शपथेवर लिहितो की गंजी जळाली त्या तिसऱ्या प्रहरी तुळशीराम मेहकरला पैनगंगेच्या घाटावर माझ्यासमोर होता, दिवस मावळेपर्यंत होता, तो निर्दोष आहे, मी मार्चमध्ये पुकारा ऐकून मुद्दाम गप्प राहिलो, आणि आठ तारखेला कौशल्येशी खोटं बोललो

दुसरा झाला

बोटं दिसत नाहीत. लेखणी पडते आहे. उचलली. पान फाडायचं आहे, पण आधी सही, सहीशिवाय कोण मानेल

चपराशी तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडतो आहे थांब बाबा मी आहे मी इथेच

सही भास्कर वल्द शे