धुराड्यातली लोकर

गॉलवे, ३ ऑक्टोबर १९८२

ती. बाबांस,
सोर्काचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो मला दाखवला. चुलीत जळणाऱ्या टर्फच्या वाळक्या ढेकळांचा धूर असाच चालू राहिला तर पुढचा हिवाळा कठीण, म्हणाले. तेव्हा चूल बंद. घरात पहिल्यांदा पदवी आली आहे, ती घराच्या उपयोगी पडू दे.

शनिवारी येते. पाडलेल्या शाळेच्या खिडक्यांच्या काचा मागून आणल्या आहेत. दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून काळी रंगवलेली पेटी बसवू, तिच्यावर काच, आणि भिंतीला खाली-वर दोन भोकं. गार हवा खालून पेटीत जाईल, उन्हाने तापून वरून घरात येईल. ऊन गेलं की दोन्ही झडपा आठवणीने लावायच्या, नाहीतर पेटी उलटी चालते आणि घरातलीच ऊब बाहेर टाकते. ढगाळ दिवशी विजेची छोटी शेगडी आहेच. दाराच्या फटी आणि धुराडं लोकरीने बुजवू. लोकर तुमच्याच मेंढ्यांची आहे, तक्रार त्यांच्याकडे करा.

लोभ आहेच. खोकला मात्र कमी असावा.

तुमची सोर्का


ग्लानबान, ९ नोव्हेंबर

चि. सोर्कास अनेक आशीर्वाद.

तुझी पेटी चालते, बाई. मांजर वरच्या भोकाखालून हलत नाही. काल विहिरीपर्यंत एकदाही न थांबता गेलो. आजोबांनी रचलेल्या भिंतीला भोकं पाडताना मी तुला जे बोललो, ते परत घेतो. निम्मं तरी.

एक गंमत झाली. चूल बंद झाल्यावर पहिल्याच सकाळी तुझी डीलियाआत्या तळ्याच्या पलीकडून वळसा घालून, दुखरे गुडघे घेऊन, रडत धावत आली. आमच्या धुराड्यातून धूर दिसला की मगच ती चहाचं आधण ठेवते. तुझी आई गेल्यापासून हे असंच आहे. धूर नाही म्हणजे आपला भाऊ फेस्टी गेला, असं तिनं धरलं. मी दारात उभा दिसल्यावर मला अशा शिव्या दिल्या, की मेलो असतो तर बरं, असं वाटलं. आता धुराची वाट बघू नकोस, असं तिला सांगितलं आहे.

तरी विचारतो. सकाळी मूठभर टर्फ पेटवलं तर चालेल का? फक्त डीलियासाठी.

तुझा बाबा


गॉलवे, १५ नोव्हेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

मूठभरही नाही. लोकर काढलीत की सगळी ऊब धुराड्यातून जाईल, आणि आज मूठ तर उद्या टोपली, तुम्हाला मी ओळखते. टेलिफोनचा अर्ज मी केला आहे. वर्ष-दीड वर्षात येईल म्हणतात. तोवर आत्याला सवय होईल. तिला म्हणावं, धूर नाही म्हणजे भाऊ बरा आहे.

राग मानू नका. मानलात तरी झडपा लावा.

सोर्का


ग्लानबान, २० जानेवारी १९८३

चि. सोर्कास, आत्याचे आशीर्वाद.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

फेस्टी गुरुवारी दुपारी पडला असावा. मांडीचं हाड मोडलं होतं. रविवारी तो प्रार्थनेला आला नाही, म्हणून आम्ही गेलो. मधल्या तिन्ही सकाळी मी खिडकीत बसून त्याच्या घराकडे बघत होते. धूर नव्हता. बरा आहे, म्हटलं, आणि आधण ठेवलं.

तो चुलीपाशी होता. सरपटत गेला असणार. काठीने धुराड्यातली लोकर ओढत होता. थोडी निघाली होती, मुठीत होती. काड्यापेटी शेजारी सांडली होती.

झडपा दिवसरात्र उघड्याच होत्या, म्हणजे निदान ऊब तरी मिळत असेल, असं सगळे म्हणाले. मी तेच धरून बसले आहे.

तुला दोष देत नाही. माझी खुर्ची मात्र मी खिडकीकडे पाठ करून ठेवली आहे.

डीलिया


ग्लानबान, २ फेब्रुवारी

ती. डीलियाआत्यास, सा. न. वि. वि.

बाबांच्या घरातून, तळ्याच्या या काठावरून त्या काठाला पत्र पाठवते आहे. दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले.

झडपांबद्दल तू लिहिलंस, ते वाचलं. तुला तेच धरून बसता आलं तर बस. मला येत नाही. मी ती पेटी बनवली आहे.

लोकर सगळी काढली. आज सकाळी मूठभर टर्फ पेटवलं. वारा नव्हता, धूर सरळ वर गेला. तुझ्या खिडकीत तुझी पाठ दिसत होती.

उद्याही पेटवीन. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. आधण तेवढं ठेवत जा.

सोर्का