घट्ट बसलेला नट

कुरवंडे, रविवार संध्याकाळ

माझा गुडघा बरा, सुनेची सर्दी गेली, आमच्या हिच्या डोळ्याला मात्र अजून पट्टी. उद्या सकाळी सून तिला गाडीनं लोणावळ्याला तपासायला नेणार, आणि पंक्चर चाकाचा एक नट हलेना. मागं लेकानं पान्यावर उभं राहून आवळलेला. आखूड पाना घसरून नटाचा कोपरा झिजला.

लेक म्हणाला, "आबा, जोर लावा."

"जोर लय हाय, पकड न्हाई."

शेजाऱ्याकडून सहाकोनी गोटी आणली, नटावर टोपीसारखी बसणारी. बाराकोनी नको, झिजला कोपरा ती सोडते. चाक फिरू नये म्हणून जमिनीवर टेकवलं, गोटीच्या दांड्याला लांब पाइप लावला. कोपरा टिकेल का? टिकला. नट करकरत सुटला.

स्टेपनी मात्र सुनेकडून आखूड पान्यानंच आवळून घेतली. वाटेत काढावी लागली, तर नट तिला एकटीला सोडवता आले पाहिजेत.