चौथी कोलंबी

शनिवार, ६ जानेवारी १९३४. महाड.
सकाळी मोटार सर्विसचं ऑफिस. खेडची गाडी कशेडी घाटात बंद पडली, उशिरा आली. दुपारी भाकरी आणि मेथी. संध्याकाळी वाण्याच्या नोकराला तराजू फेकून मारला. तो म्हणाला, "सुटल्या बिचाऱ्या वहिनी." कानाला लागला. फार नाही. टाके पडले असं मागाहून कळलं.
आनंदीला जाऊन दोन महिने झाले. मी स्वतःला चांगलं सावरलं आहे. एकदाही रडलो नाही.

रविवार, ७ जानेवारी.
सयाजी आणि कुशाबा आले. हल्ली माझ्याकडे हे दोघेच येतात. दोघे पुरे आहेत.
सयाजी म्हणाला, "किती दिस घरात कोंडून घेशील रे मुरारी? तुझा दुखवटा काढायला हवा." पुढच्या शनिवारी हैबतीच्या नव्या हॉटेलात जेवायचं ठरलं. हैबती कापडे गावचा. बोटीवर बटलर होता, मग तीन वर्षं स्पेन देशात एका हॉटेलात होता. इथे मोटार स्टँडपाशी तसंच हॉटेल थाटलं आहे. टेबलांवर पांढरी चादर, भिंतीला आरसे.
निघताना सयाजी म्हणाला, "पण सांगून ठेवतो, तिथं हात उचललास तर तुझा आमचा संबंध नाय."
मला हसू आलं. माझ्यासारख्या शांत माणसाला हे सांगायचं.

बुधवार, १० जानेवारी.
शनिवारसाठी ठरवलं: १) हवापाण्यावर बोलायचं. २) आनंदीचा विषय काढायचा नाही. ३) सावकाश खायचं.
चौथं काही लिहायची गरज वाटली नाही.
आज ऑफिसातली खुर्ची मोडली. लाकूडच हलकं होतं. हमालाच्या पाठीवर आपटताच मोडली.

शनिवार, १३ जानेवारी. घरी आल्यावर.
जेवण झालं. बरं झालं, म्हणायला हरकत नाही.
हैबतीने आधी सोड्याचे पेले आणले, प्रत्येकावर लहान ताटली झाकलेली. स्पेनात असंच करतात म्हणे, पेल्यात माशी पडू नये म्हणून. कुशाबा म्हणाला, "आमच्या वरंधला माशी काढतात नि पितात."
तिथे जेवण एकदम वाढत नाहीत. एकेक बशी येते, तीत चारच तुकडे. आधी ऑलिव्ह नावाची हिरवी, खारट फळं आली. सयाजी म्हणाला, "जेवण हाय का नैवेद्य?" आम्ही तिघे. चौथं फळ मी माझ्या बशीच्या कडेला काढून ठेवलं. घरीही मी आनंदीचा घास असाच काढतो आणि सकाळी कावळ्याला घालतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे?
ते फळ सयाजीने उचलून खाल्लं. मी हवेबद्दल बोललो.
मग अंड्याबटाट्याची वडी आली. चौथी सयाजीने खाल्ली. मी पुन्हा हवेबद्दल बोललो. कुशाबा म्हणाला, "थंडी हाय, कळलं रे बाबा."
मग लसणीतल्या कोलंब्या. आनंदीला कोलंबी फार आवडायची. चौथी सगळ्यांत मोठी होती. ती बशीत ठेवून मी वर पेल्याची ताटली झाकली. सयाजीने झाकण उचललं. "लपवतोस होय रे, चोरा?" म्हणाला आणि तोंडात टाकली.
मी काटा टेबलावर ठेवला. मध्ये सयाजीचा हात होता.
कुशाबा उगाच मध्ये पडला. त्याचं डोकं आरशाला लागलं. आरसा पातळ होता. हैबती तवा घेऊन धावला, तेव्हा मला बाटली फोडणं भाग पडलं. चादरीवर रक्त सांडलं, पण चादर पांढरी असल्यामुळे ते जास्त दिसलं.
एकंदरीत मी स्वतःला पुष्कळ आवरलं.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत.
यंदा मला सण नाही. तरी तिळगूळ घेऊन सयाजीकडे गेलो. माणसाने मोठं मन दाखवावं.
दारात त्याची बायको ठमाबाई उभी. आत सयाजी हाताला फडकं बांधून बसलेला, शेजारी कुशाबा, डोक्याला पट्टी. मी म्हणालो, झालं गेलं विसरू. सयाजी म्हणाला, "एका कोलंबीसाठी माणूस मारतोस? कोलंबीच होती ना रे?"
तिळगुळाचा डबा पितळी होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. सयाजीचा पुढचा दात गेला. कुशाबाने मला अंगणात लोळवून लाथा घातल्या. त्याला मी दोष देत नाही. तो तापट आहे.
ठमाबाई म्हणाली, "भावजी, परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नका."
बायकांचा राग चार दिवसांचा असतो.

गुरुवार, १८ जानेवारी.
दोघांना निरोप धाडले: शनिवारी हैबतीकडे, जेवण माझं. उत्तर नाही. येणार असतील, म्हणूनच उत्तर नाही.

शनिवार, २० जानेवारी.
दिवस मावळायच्या आत हैबतीकडे गेलो. तिघांचं टेबल मांडायला सांगितलं. भिंतीवर आरशाच्या जागी खिळा आहे. हैबतीने टेबलावरचे काटे उचलून नेले आणि मला लाकडी चमचा दिला.
पुष्कळ वेळ गेला. मग मी कोलंब्या मागवल्या. चार आल्या. एक आनंदीची काढली. एक सयाजीची, एक कुशाबाची. एक माझ्यापुढे राहिली.
हैबती बघत उभा होता. म्हणाला, "वहिनींची काढतोस ते कळलं मला. पण ते दोघं जित्ते हायत ना रे?"
मी हाताशी काही आहे का पाहिलं. लाकडी चमचाच होता.
"तुझ्या भीतीनं येत नायत," हैबती म्हणाला आणि आत गेला.
माझी कोलंबी खाल्ली. मग कुशाबाची. मग सयाजीची. आनंदीची शेवटी खाल्ली. गार झाली होती.
घरी आलो. मागच्या शनिवारचा सदरा खुंटीवरच होता. बादलीत भिजत घातला, बाहीवरच्या डागाला साबण लावला आणि चोळत बसलो.