राखवेळेचा शेवटचा भाग

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सामानाच्या दोऱ्याही अजून सोडल्या नाहीत, पण आधी हे लिहायला बसले. खोली लहान आहे, खिडकी मात्र ऐसपैस. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, तिथला माणूस स्वतःशीच शीळ घालत काम करतो. मला हे गाव आवडणार.

स्टुडिओ म्हणजे गाद्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याचा वरचा मजला. भिंतींना अजून गाद्याच टांगलेल्या आहेत. त्यामुळे आवाज घुमत नाही, आयतीच सोय झाली, असं दिग्दर्शक म्हणाले. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. आवाजाचं सगळं काम पाहणाऱ्या माणसाला ‘कान’ म्हणतात. खरं नाव विचारलं तर तो म्हणाला, आता त्याचा काही उपयोग राहिला नाही.

‘राखवेळ’ ही इथली श्राव्यमालिका. आकाशातून राख पडते, हवा विषारी होते, वाचलेली माणसं घराच्या फटी बुजवून आत बसतात आणि ‘केंद्र’ नावाच्या ठिकाणाहून एक बाई त्यांना रोज सूचना देते. ती बाई आता मी! आधीच्या बाईंच्या घशाला गाठ आली आणि नेमका शेवटचा भाग राहिला. माझा आवाज त्यांच्याशी इतका जुळतो की कानालाही फरक कळेना.

इतकी वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. हजारो लोकांच्या कानांवर आवाज पडला असेल, पण लक्ष देऊन एकानंही ऐकलं नाही. आईला फोन केला तर म्हणाली, चला, जग बुडाल्यावर तरी तुझं कुणीतरी ऐकेल.

७ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. राख पडण्याचा आवाज कान कसा काढतो? वर्तमानपत्रावर पिठाची चाळणी हलवून. राखेतली पावलं म्हणजे परातीत जाडं मीठ घालून त्यावर बोटं. मी तोंडात पदर कोंबून हसत होते, तेवढ्यात त्यानं हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि अंगावर सरसरून काटा आला.

सर माझ्यावर खूश आहेत. मी भीती घालत नाही, धीर देते, आणि त्याचीच जास्त भीती वाटते असं ते म्हणाले. रात्री अंथरुणात ते वाक्य तीनदा आठवलं. वेडीच आहे मी.

फक्त शेवट काही जमत नाहीये. राख थांबली आणि माणसं बाहेर आली असा शेवट सरांना नको. तो गुळमट वाटतो म्हणतात.

९ नोव्हेंबर

स्टुडिओत श्रोत्यांनी निरोप ठेवायला एक फोन आहे. आज जेवताना सरांनी ते निरोप लावले. बहुतेक कॉलेजची पोरं. कुणी ओरडतं, कुणी खोटंच खोकतं. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. नमस्कार, केंद्रावरच्या बाई, म्हणाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या खिडक्या बंद केल्या आहेत. वीज वापरत नाही, रेडिओ सेलवर चालतो, बाकी कोळशावर भागवतो. हिची तब्येत जरा बरी नाही. बाहेर यायची परवानगी कधी मिळेल तेवढं कळवावं.

सगळे खो-खो हसले. सर म्हणाले, काय नट आहे बघा! कान हसला नाही. त्यानं निरोप पुन्हा लावला आणि म्हणाला, हा माणूस नाटक करत नाहीये.

मी म्हटलं, मग तर हाच आवाज शेवटच्या भागात घेऊ या!

सर खुर्चीतून उठले. अगं, हाच आपला शेवट, म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

११ नोव्हेंबर

आज निरोपातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. ध्वनिमुद्रण चालू होतं. त्यांना सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं तर माणूस अवघडतो, असं सरांचं म्हणणं.

मी केंद्राच्या आवाजात बोलले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तुम्ही स्वतः फोन केलात, म्हणाले. आम्हाला वाटलं आम्ही यादीतून सुटलो. नोंदीसाठी म्हणून त्यांनी पत्ता सांगितला, सावकाश, दोनदा. आयुष्यभर नळ जोडण्याचं काम केलं, एक थेंब गळू दिला नाही, तेव्हा खिडक्यांची काळजी करू नका, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, हिचं डोकं फार दुखतंय, उलट्या होतात, दिवसभर गुंगीत असते. डॉक्टरांना आणू का?

मालिकेत राखेच्या आजाराची लक्षणं हीच आहेत. ते मालिकेतलंच बोलत असतील, असं मला वाटलं. नाही, खरं लिहिते. वाटलं नाही, वाटून घेतलं. काचेपलीकडे सर हात गोल गोल फिरवत होते, चालू ठेव, चालू ठेव. मी म्हटलं, बाहेरची हवा अजून चांगली नाही. दार उघडू नका. फटी पुन्हा एकदा तपासा, राख फार बारीक असते.

बरं झालं विचारलं, असं म्हणाले. आभार मानले.

सरांनी टाळ्या वाजवल्या. कान हेडफोन काढून खाली निघून गेला.

१३ नोव्हेंबर

कान माझ्याशी बोलत नाही. आज जिन्यात अडवून त्याला विचारलं. म्हणाला, त्या बाईला खरंच बरं नसेल तर? मी म्हटलं, तुला एवढंच वाटतं तर तूच कर फोन. तो म्हणाला, केला होता. त्या गृहस्थांनी मी कोण म्हणून विचारलं, आणि केंद्राच्या बाईंशिवाय कुणाशी बोलणार नाही म्हणाले.

मी म्हटलं, बघू.

बघितलं नाही. आज दिवसभर पुन्हा मुद्रण होतं, आणि माझा आवाज छान लागला होता.

१७ नोव्हेंबर

शेवटचा भाग प्रसारित झाला. अखेरीस फोनवरच्या त्या आजोबांचाच आवाज आहे. ‘बाई, आम्ही बाहेर येऊ का?’ आणि मग काहीच नाही. केंद्र उत्तर देत नाही. पिठाची चाळणी तेवढी हलत राहते.

लोकांना वेड लागलंय. फोन वाजायचा थांबत नाही. सरांनी पेढ्यांऐवजी मोठा केक आणला, त्यावर राखाडी साखर. आईनंही ऐकला. ते म्हातारे गृहस्थ कोण गं, असं विचारलं. फार जीव तुटला म्हणाली. मी म्हटलं, आहेत एक कलाकार.

माझ्या वाटचा केक मी खालच्या सायकलवाल्याला देऊन टाकला.

१९ नोव्हेंबर

स्टुडिओत एकटीच होते. फोन वाजला, मी उचलला. एक बाई, प्रवासात असाव्यात, मागे गाडीचा आवाज. वडील कसली तरी मालिका ऐकतात, म्हणाल्या. आईला डॉक्टरकडे नेऊ नका असं केंद्रानं सांगितलंय म्हणतात. कालपासून फोनही उचलत नाहीत. शेजारची घरं रिकामी आहेत. मी निघाले आहे, उद्या पोचेन. पण आधी मला सांगा, माझ्या वडिलांना हे कोण बोललं?

मी माझ्या साध्या आवाजात म्हटलं, आम्ही श्रोत्यांना फोन करत नाही हो. त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

त्या रडायला लागल्या. माफ करा, तुम्हाला उगाच त्रास दिला, असं म्हणाल्या. मला!

सरांना सांगितलं. ते म्हणाले, तू यात पडू नकोस, आपण काही कुणाचं दार बाहेरून बंद केलेलं नाही. पोलिसांना कळवू का म्हटलं, तर म्हणाले, आणि काय सांगणार?

काय सांगणार, इथेच मीही अडकले.

उद्या सकाळी जाते. त्या मुलगी, त्या ताई, पोचायच्या आत सगळं नीट करून येते. बाहेर या म्हणायचं, आजींना रिक्षात घालायचं, दवाखान्यात सोडायचं. कुणाला कळायचंही नाही.

२० नोव्हेंबर, सकाळ

त्यांच्या घरातून लिहिते आहे. वही पर्समध्ये होती. आजोबा चहा करताहेत.

कामगारांच्या जुन्या घरांची रांग, बहुतेक घरांना कुलपं. यांचं शेवटचं. दारावर टकटक केली तर आतून काही हालचाल नाही. मग केंद्राच्या आवाजात बोलले. लगेच अडसर सरकला.

आजोबा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. केंद्र गप्प झालं तेव्हाच मी हिला म्हटलं, म्हणाले, बाई आता स्वतः येणार. घड्याळ, किल्ल्या, फोन, धातूचं सगळं उंबऱ्यापाशी साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायला लावलं. मालिकेतला नियम. मी टाकलं. माझा फोनसुद्धा. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

मग दार लावून घेतलं, अडसर घातला, फटीत ओल्या कापडाची पट्टी ठोकून बसवली. मला एकेक खिडकी दाखवली. पुट्टी, त्यावर नळाची पांढरी टेप, त्यावर कागद. वाऱ्याचा एक धागा आत येत नाही. खोलीच्या मधोमध कोळशाची शेगडी. पोराला प्रगतिपुस्तकावर सही हवी असते तसे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, छान केलंय.

आतल्या खोलीत आजी. गळ्यापर्यंत शाल. कालपासून शांत झोपली आहे, डोकं दुखायचं थांबलं, असं आजोबा म्हणाले. ते दिवा आणायला वळले तेव्हा मी शालीखाली हात घालून पाय चाचपला.

गार. लाकडासारखा.

आजोबांनी विचारलं, बरी होईल ना?

मी म्हटलं, झोपू द्या त्यांना.

दुपार

ताई आल्या.

दार बडवत होत्या. बाबा, मी आहे, दार उघडा, आई कशी आहे! आजोबा उठले, दारापर्यंत गेले, अडसरावर हात ठेवला. मग वळून मला विचारलं. बाई, आवाज तर आमच्या मुलीचा आहे. उघडू?

एका शब्दाचं काम होतं.

मला दिसलं पुढचं. त्या आत येतील. आईजवळ जातील. मग उठतील आणि माझ्याकडे बघून विचारतील, तुम्ही कोण. कालचा माझा आवाज त्या ओळखतील.

मी म्हटलं, आत्ता नको.

एवढंच. आत्ता नको.

आजोबांनी हात काढला. डोळे पुसले. बाहेर ताई ओरडत राहिल्या, मग दगडानं काहीतरी ठोकलं, मग पावलं लांब गेली. माणसं आणायला गेल्या असतील. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहिते आहे. सुटल्यासारखं वाटलं.

नंतर

तुम्ही गारठलात, असं म्हणून आजोबांनी शेगडीत आणखी कोळसे घातले. ताई येतील तोवर काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. आधी हे, मग ते. मला आत येऊन थोडाच वेळ झाला, असंही म्हणता येईल.

डोकं ठणकायला लागलं. वाटलं, जागरणानं. मग मळमळ.

आजोबा म्हणाले, बाई, हिचंही असंच सुरू झालं होतं.

शेगडी. बंद खोली. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, पण —

राख नव्हती, आजार नव्हता, काही नव्हतं. त्या शेगडीनं गेल्या. खिडकी इतकीशी उघडी असती तर. डॉक्टरांनी दारात पाऊल टाकताच ओळखलं असतं. आणि मी म्हटलं फटी पुन्हा तपासा. मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात.

आजोबांना सांगितलं. सगळं सांगितलं, मी कुणी नाही, केंद्र नाही, हवा चांगली आहे, दार उघडा. पण ते भिंतीला टेकून — मान छातीवर. हलवलं. हं म्हणाले. पुन्हा हलवलं तर काही नाही. कुणाला सांगितलं मी? कुणी ऐकायला नव्हतंच.

दारापाशी

अडसर हलत नाही. दोन्ही हातांनी — पाय उभे राहत नाहीत. पट्टी ओढली, नख निघालं. शेगडीवर बादली ओतायला हवी, बादली तिथे, लांब —

ताई. हे तुमच्यासाठी. तुमच्या वडिलांना मी बोलले. मीच. काल फोनवर मी खोटं — त्यांची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं, डॉक्टरांना आणू का म्हणून. आज दारापाशीही विचारलं, उघडू का. तुम्हाला उघडायला ते उठले होते —

अक्षर नीट येत नाही

आवाज. बाहेर. माणसं आहेत, कुणी म्हणतंय घर रिकामं असेल, कुलूप बघा, मागून जा. ताई म्हणतात आत कुणी आहे का, असेल तर आवाज द्या, नुसता आवाज द्या

देते. ताई मी आहे इथे दाराला लागून. देते. तोंड उघडलंय पण घशातून काही —

पुन्हा विचारताहेत

आत मी —