बिशपांना कोणी लिहिलं?

गुरु., ६ फेब्रु.
अकरा वर्षांनी आज कम्युनियन घेतलं, वेदीवरचा पवित्र भाकरीचा तुकडा. चर्चमधली सकाळची साडेसहाची मिस्सा, रोजची उपासना. गर्दी नसते म्हणून फादरांनी हीच सांगितली. सात-आठ म्हातारी माणसं, माझी मैत्रीण फिलोमिना आणि मी. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. "आमेन," मी म्हणाले.
घटस्फोटानंतर जॉनशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून चर्चच्या नियमानं मला कम्युनियन बंद; रविवारी सगळे ते घ्यायला रांगेत उठले की मी आपली गुडघ्यांवर, मान खाली. वर्षभर फादरांपुढे बसून सगळं सांगितलं, तेव्हा कुठे आजचा दिवस. "गाजावाजा नको," एवढंच म्हणाले.
जॉन आला नाही. "चोरून नको मला." असो.

रवि., १६ फेब्रु.
मिस्सेनंतर फादरांनी बाजूला घेतलं. बिशपांकडे पत्र गेलंय. निनावी, टाइप केलेलं. दुसरं लग्न केलेल्या बाईला फादर गुरुवारी गुपचूप कम्युनियन देतात म्हणून. बिशपांचं उत्तर येईपर्यंत थांब म्हणाले. चेहरा उतरला होता.
प्रत दाखवली मला. पत्रात आणखी एक. इगतपुरीला गेलेल्या दोन नोटिसांना उत्तर आलं नाही, हेही लिहिलंय.
इगतपुरीला आल्फ्रेड राहतो, माझा पहिला नवरा. ते लग्न मुळातच रद्द ठरवा म्हणून चर्चच्या कोर्टात अर्ज केलाय, त्याच्या त्या नोटिसा. हे माहीत कोणाला? फादर, जॉन, माझी रिनी आणि फिलोमिना.
फादर स्वतःविरुद्ध कशाला लिहितील. जॉन असलं करणार नाही. रिनी पोटची पोर. उरली कोण?

मंगळ., १८ फेब्रु.
वीस वर्षं फिलो आणि मी चर्चच्या क्वायरमध्ये एकत्र गातोय. त्या गुरुवारीही होती ती. मी वेदीपासून परत येताना वळून बघितलं तिनं. काल गंगापूर रोडला भाजी घेताना दिसली, तर मला बघून फोन कानाला. तिच्या घरी प्रिंटर आहे.
जॉन म्हणतो, "प्रिंटर आपल्याकडेही आहे." त्याला काय कळतंय.

शुक्र., २१ फेब्रु.
गेले शेवटी फिलोकडे. उभ्या उभ्याच विचारलं, "तूच लिहिलंस ना?"
हातातलं मेथीचं ताट तिनं खाली ठेवलं. "शैले, अकरा वर्षं तुझा जीव जळताना बघतेय मी. मी लिहीन?" मग दार उघडून धरलं. "इगतपुरीला दर महिन्याला कोण जातं, ते घरात विचार आधी."


शनि., २२ फेब्रु.
रिनीला विचारलं. एकोणीस वर्षांची आहे, बापाला भेटायला जाते, मी कधी अडवलं नाही.
"हो, कम्युनियनचं सांगितलं पप्पांना. मम्मी आता खूश आहे म्हणून सांगितलं. त्यात काय?"
"आणि पत्र?"
"मला नाही माहीत."
लॅपटॉपकडेच बघत होती. मग एकदम, "तुझं-पप्पांचं लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, तर मी कोण गं?"
सांगितलं की मुलांना त्याची झळ लागत नाही, फादरांनीच सांगितलंय. "कागदावर," म्हणाली आणि उठून गेली.
आल्फ्रेडनं लिहिलं असणार. पण पत्रातली भाषा इतकी शुद्ध, आणि त्याला धड अर्ज लिहिता येत नाही. मग टाइप कोणी...
फिलोला तीनदा फोन केला. उचलला नाही.

रवि., २ मार्च
बिशपांकडून काही नाही. येत्या बुधवारी कपाळाला राख लावायची, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. फादर प्रवचनात क्षमेवर बोलले, माझ्याकडे बघायचं टाळून. फिलो क्वायरमध्ये पलीकडच्या टोकाला.
कम्युनियनला बाक रिकामा व्हायला लागला. रिनीनं पाय आत घेतले, शेजारच्यांना वाट दिली आणि बसून राहिली. पहिल्या कम्युनियनपासून आजवर एक रविवार चुकवला नव्हता तिनं. मनावर मोठं पाप असेल तर कन्फेशनशिवाय, फादरांपुढे ते कबूल केल्याशिवाय, रांगेत जायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.
माझ्या सोबतीला बसली असेल. किंवा...
तिनं माझा हात धरला. तळवा गार होता. मी सोडवला नाही. विचारलंही नाही.