शिसं हद्दपार

४ मार्च २०१६
शिसं बंद. पुण्याच्या कंपनीचा हुकूम. आमची महिला सहकारी संस्था ज्या दिव्यांच्या सर्किट-पट्ट्या जोडते, ते दिवे आता युरोपात जाणार. तिकडच्या लोकांना शिसं चालत नाही. इकडच्या बायका इतकी वर्षं त्याचाच धूर घेताहेत, ते चाललं. चेअरमन धर्मराजनी सभेत सांगितलं, "आपण जगाच्या बरोबरीला आलो." बरोबरीला आलेल्या या गावात टँकर आठवड्यातून एकदा येतो.

तपासणी महिनाअखेर. नापास झालो तर काम बंद, आणि बायका पुन्हा कोयता घेऊन उसाच्या फडावर. सुपरवायझर मी. म्हणजे मान माझी.

९ मार्च
डाग द्यायची नवी तार नुसत्या कथलाची. लवकर वितळत नाही, वितळली तरी झाळ निस्तेज. छबुबाईंचा हात सगळ्यांत साफ, त्यांनी नाक मुरडलं. "पंडितभाऊ, ही झाळ हाय का राख? जुनी कशी चकाकायची."

म्हटलं, जुनीतलं शिसं रक्तात जातं. पोटातल्या लेकराला तर लईच वाईट.

"मंग आमच्या नाकातून गेलं त्याचं काय?"

मी सगळ्यांसाठी चहा मागवला.

१३ मार्च
लेक तारा बाळंतपणाला माहेरी आली. सातवा. बापाच्या गावात पाणी नाही हे कळवलं होतं, तरी आली. बरं वाटलं.

घरचा पितळी हंडा बुडाजवळ गळतो. ताराची आई सरस्वती त्याच्याखाली परात लावून बसते, जणू गाईची धार काढतेय.

१७ मार्च
चेअरमन म्हणाले, "जुनी तार गेटबाहेर पायजे. कुठं जाती ते मला सांगू नको." मीही कुणाला विचारलं नाही. बायकांना म्हटलं, काढा बाहेर. दुपारपर्यंत तुकडा उरला नाही. सहकारात इतक्या झटपट काही झालेलं मी प्रथमच पाहिलं.

१८ मार्च
दमलो.

२२ मार्च
हंडा गळायचा थांबला. छबुबाई येऊन डाग देऊन गेल्या म्हणे. भली बाई. तारा दिवसभर पाणी पिते — डॉक्टरनं सांगितलंय.

३० मार्च
पास. पुण्याच्या मॅडमनी पिस्तुलासारखं यंत्र पट्टीपट्टीवर धरलं. शिसं नाही. चेअरमननी हार आणवला आणि स्वतःच घालून घेतला.

निघताना मॅडम व्हरांड्यातल्या पिण्याच्या घागरीपाशी थांबल्या. बुडाजवळ नवा डाग चकाकत होता. गंमत म्हणून त्यावर यंत्र धरलं. मग हसू गेलं. "यातलं पाणी कोण पितं?"

"समदे," छबुबाई कौतुकानं म्हणाल्या. "जुनी तार फेकायचीच व्हती न्हवं. आमी घरोघरच्या गळक्या भांड्यांना डाग दिले. असल्या दुष्काळात थेंब तरी कावून सांडायचा?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी छबुबाईंकडे. त्या अजून शाबासकीची वाट बघत होत्या.

सकाळीच टँकर येऊन गेलाय. गावातली सगळी भांडी काठोकाठ.

३० मार्च, रात्री
उद्या उजाडताच छबुबाईंना घेऊन दारोदार सांगत निघणार आहे. त्याआधी घरचा भरलेला हंडा अंगणात उपडा केला. ताराला आवाज गेला. बाहेर आली, पोटावर हात. "बाबा, पाणी कावून ओतलं?"

म्हणालो, हंडा गळतो.